उन्हात ठेवलेली बॅटरी

आमच्या घरात एक भुंगा आहे. दिसायला छोट्या टॉर्चसारखा, मुठीत मावणारा. बाबा तो गळ्याला लावून बटण दाबतात आणि तो गुणगुणायला लागतो. तंबाखू-चुन्याची डबी जन्मभर खिशात बाळगल्यावर जे व्हायचं ते झालं, ऑपरेशनमध्ये बाबांचं स्वरयंत्र काढावं लागलं, आणि मग डॉक्टरांनी हे यंत्र हातात दिलं. त्याची थरथर गळ्याच्या कातडीतून तोंडात जाते, आणि बाबा जीभ-ओठ हलवून तिचे शब्द करतात. शब्द कळतात, पण सगळे एकाच सुरात. ‘चहा दे’ आणि ‘घराला आग लागली’ या दोन्ही गोष्टी सारख्याच ऐकू येतात. भुंगा हे नाव बाबांनीच ठेवलं, आणि ते काही लाडानं ठेवलेलं नाही.

बाबांचा मूळचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना हे जास्त लागतं. ते जबलपूरच्या एका डिफेन्सच्या कारखान्यात होते, लेथ मशीनच्या गोंगाटात. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ती सवय ते घरी घेऊन येत. चेरीतालला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरून त्यांनी ‘दार उघडा’ म्हटलं की तीन-चार घरांची दारं उघडत. नर्मदेवर ग्वारीघाटला ते काठावरून नुसती हाक मारत आणि पलीकडच्या काठचा नाववाला हात हलवून दाखवी. आईला त्या आवाजाची लाज वाटायची. ‘अहो, हळू, लोक बघून राहिले,’ हे तिचं आयुष्यभराचं पालुपद.

पुढे आईचे डोळे गेले. काचबिंदू. एकदम नाही गेले, कडेकडेनं अंधार आत सरकत आला. आता तिला उजेड कळतो, समोर कोणी उभं आहे हे कळतं, बाकी काही नाही. मात्र स्वयंपाकघरात ती हातांनी सगळं करते आणि मदतीला गेलेल्या माणसाला हाकलून देते. तिच्या डोळ्यांचं काम बाबांनी अंगावर घेतलं, आणि कोणी न सांगता घेतलं. गच्चीवर, लग्नात, बाजारात, जिथे जातील तिथे ते तिला समोरचं सगळं सांगत. ‘समोरच्या बाईंनी आज पोपटी साडी नेसली, वर लाल ब्लाऊज, सिग्नलच दिसून राहिल्या.’ आई तोंडाला पदर लावून हसायची. त्यातलं किती खरं आणि किती मीठमसाला लावलेलं, ते तिला विचारायचंच नसे. मी एकदा म्हटलं होतं की साडी निळी होती, तर तीच मला म्हणाली, ‘तू गप बस, तुला सांगता येत नाही.’

ऑपरेशननंतर हे सांगणं बंद पडलं. भुंगा आला, तो नीट चालवायला बाबा शिकले, पण वापरत फक्त हो, नको, चहा, औषध एवढ्यापुरता. आईनं काही विचारलं की अर्धं उत्तर देऊन बटण सोडत. एकदा भाजीवाल्याशी बोलत असताना त्या भैयानं मोबाइल वाजला समजून स्वतःचा खिसा चाचपला होता, आणि गल्लीतली पोरं तर भुंग्याची नक्कलच करत. तेव्हापासून बाबा बाहेर तो काढतच नसत. आईनं कारण विचारलं तेव्हा त्यांनी भुंग्यातूनच सांगितलं, ‘बॅटरी वाचवून राहिलो. कमजोर आहे.’

हे खोटं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. कारण बॅटरी हा माझाच धंदा आहे.

मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि शिकवून उरलेल्या वेळात ग्रॅफाइटवर काम करते. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीत असतो तोच काळा पदार्थ. त्याचे पातळ पातळ थर असतात, एकावर एक ठेवलेले, सहज सरकणारे. मोबाइलची असो की भुंग्याची, चार्ज होणारी बॅटरी भरते तेव्हा लिथियमचे कण या थरांच्या मधे जाऊन बसतात, आणि वापरताना बाहेर पडतात. आत शिरताना थर किंचित फुगतात, बाहेर येताना आकसतात. पहिल्यांदा चार्ज करतानाच ग्रॅफाइटवर एक बारीक पापुद्रा धरतो, तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा. ती साय शाबूत आहे तोवर बॅटरी शाबूत. उष्णतेनं ती फाटते, मग आतला द्रव ग्रॅफाइटला खाऊ लागतो, वायू सुटतो, आणि बॅटरीचं आयुष्य संपतं.

ही साय उन्हाळ्यात टिकावी म्हणून आम्ही ग्रॅफाइटच्या प्रत्येक कणाला आधीच पॉलिमरचा एक थर देतो. पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळ्यांचे रेणू. प्लास्टिक, रबर, लाडवातला डिंक, सगळे त्याच कुळातले. ऐकायला सोपं वाटतं, पण हा थर जरा जाड झाला की कणाला कण भिडत नाही आणि वीज अडते, पातळ झाला की उन्हात टिकत नाही. मी वर्षानुवर्षं या दोहोंच्या मधला नेमका थर शोधते आहे. काळं पीठ कालवायचं, तांब्याच्या पातळ पत्र्यावर ते पात्यानं सारवायचं, वाळवायचं, त्यातून गोल चकत्या कापायच्या आणि बटणाएवढे सेल बनवून ते जबलपूरच्या मे महिन्याइतक्या गरम पेटीत ठेवायचे. बहुतेक सेल मरतात. माझ्या हाताखालच्या विद्यार्थिनी म्हणतात की मॅडमच्या नखांतलं काळं लग्नात मेंदी लावली तरी गेलं नसतं. लग्न मी केलं नाही, त्यामुळे हे तपासायची वेळ आली नाही.

तर अशी मी, बॅटरीची जाणकार, आणि माझ्याच घरातली बॅटरी मेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मे महिना होता. मी दुपारी कॉलेजातून घरी आले. बाबा जेवून आतल्या खोलीत पडले होते, आई गच्चीवर कुरडया वाळत घालून खाली आली होती. मी आल्या आल्या ती मला म्हणाली, ‘वर जाऊन जरा पाहून ये, कावळे तर नाही आले?’ मी वर गेले. गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. धोतरावर कुरडयांच्या रांगा, त्यांच्या शेजारी स्टीलचं ताट, आणि ताटात काचेचं भांडं पालथं घातलेलं. भांड्याखाली बिस्किटाएवढी एक चपटी वस्तू होती. ती टम्म फुगलेली होती, तळलेल्या पुरीसारखी. ती भुंग्याची बॅटरी होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या दिवशी ती फक्त फरशीची नव्हती. मी आधी कोपऱ्यातली वाळूची बादली ओढली, दोरीवरच्या कपड्यांच्या चिमट्यानं बॅटरी तिच्यात सोडली, वर वाळू घातली. मग खाली येऊन ओरडले.

‘आई, बॅटरी वर काहून ठेवली?’

‘ऊन देऊन राहिले तिला,’ आई अगदी सहज म्हणाली. ‘सकाळी चार्जिंगवरून काढली न् ठेवली. कावळ्यानं नेली नसती, मी भांडं झाकलं होतं.’

‘भांडं झाकलं म्हणून तर भट्टी झाली तिची! पूर्ण चार्ज केलेली बॅटरी, मे महिन्याचं ऊन, वरून काच! पेटली असती म्हणजे? घर जाळलं असतं तू!’

आईनं हातातलं लाटणं ओट्यावर ठेवलं. आतून बाबा उठून दारात आले. त्यांच्या एका हातात भुंगा होता, आणि त्याच्या पोटातला बॅटरीचा कप्पा रिकामा उघडा होता. झोपेतून उठून त्यांनी काही बोलायला बटण दाबलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तोंड उघडून मिटलं.

सेल उन्हात ठेवण्याचं हे शास्त्र आईचं नव्हे. ते आमच्या घरात बाबांनी आणलेलं. माझ्या लहानपणी टॉर्चचे, ट्रान्झिस्टरचे सेल मंद झाले की बाबा ते गच्चीच्या कठड्यावर ओळीनं उभे करत, आणि संध्याकाळी टॉर्च खरोखरच थोडा जास्त उजळे. त्या जुन्या सेलांच्या बाबतीत यात तथ्यही होतं, ऊब मिळाली की आतली क्रिया जरा जोर धरते. अगदीच मेला की बाबा तो सेल फोडत आणि आतली काळी कांडी काढून मला देत. त्या कांडीनं मी सगळं अंगण लिहून काळं करायची. ग्रॅफाइटशी माझी पहिली ओळख ती, आणि माझी सगळी पदवी-बिदवी त्या कांडीनंतरची. पण मंद झालेल्या सेलाला ऊन द्यायचं, हे आमच्या घरात देवापुढे दिवा लावण्याइतकं पक्कं होतं, आणि नव्या बॅटरीला ते चालत नाही हे आईला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी बॅटरी नव्हती. यंत्राबरोबर आलेली जोडीची बॅटरी आधीच निकामी झाली होती आणि एकीवर भागतंय म्हणून आम्ही स्वस्थ होतो. नागपूरच्या एजन्सीला फोन केला, तर त्यांच्याकडेही माल नव्हता. बाहेरून मागवू म्हणाले, पण लिथियमच्या बॅटऱ्या विमानानं पाठवत नाहीत, रस्त्यानं येईल, वाट पाहा. इथल्या बाजारातल्या दोन दुकानदारांना मी भुंगा दाखवला. एकानं मोबाइलची बॅटरी कापून बसवून देतो म्हणून सांगितलं, आणि मी भुंगा त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. बाबांच्या गळ्याला लागणारी वस्तू आहे ती.

आईनं तर मलाच पकडलं. ‘तू बॅटऱ्याच बनवून राहिली ना इतकी वर्षं? मग दे की एक बनवून.’

‘माझे सेल बटणाएवढे असतात गं. त्यांच्यानं भुंगा “क” म्हणेल, “का” म्हणायच्या आत बंद पडेल.’

‘अच्छा,’ आई म्हणाली. ‘मग इतकी वर्षं काय करून राहिली?’

खरं सांगायचं तर ते मला लागलं. जगासाठी चांगल्या बॅटऱ्या करायच्या म्हणून मी आयुष्याची वर्षं घातली, आणि घरातल्या एका माणसाला चार वाक्यं बोलता येतील एवढं माझ्या हातून होत नव्हतं.

ती फुगलेली बॅटरी मी वाळूच्या बादलीसकट प्रयोगशाळेत नेली, तिच्यातली उरलेली वीज सावकाश काढून टाकली, आणि आमच्या काचेच्या बंद पेटीत, जिथे हवा आणि ओल शिरत नाही, तिथे रबरी हातमोज्यांत हात घालून उघडली. मला पाहायचं होतं. तांब्याची गुंडाळी उलगडली, तसे काळ्या ग्रॅफाइटचे पोपडे पत्र्यावरून सुटून खाली पडले. खाली तांबं उघडं पडलं होतं. माझे मेलेले सेल मी पुष्कळ उघडले आहेत, हेच दृश्य पुष्कळदा पाहिलं आहे, आणि दर वेळी त्याला मी ‘नमुना’ म्हणते. या वेळी तो शब्द तोंडात येईना. बाबांचं बोलणं या काळ्या चुऱ्यावर टांगलेलं होतं, आणि ते माझ्या हातमोज्यावर सांडलं होतं. माझा पॉलिमर यावर असता तर ही वाचली असती का? बहुधा नसतीच, काचेच्या भांड्याखाली कुणाचाच पॉलिमर वाचला नसता. तरी मी बराच वेळ तिथे हात घालून बसले होते.

घरी मात्र खरी अडचण सुरू झाली. बाबा पाटीवर लिहून माझ्याशी बोलत, पण आईला पाटी दिसत नव्हती. मी कॉलेजात गेले की घरात ती दोघंच. एकाला बोलता येत नाही, दुसरीला दिसत नाही. त्यांनी आपापसांत एक रीत बसवली. आई विचारायची आणि बाबा वाटीवर चमचा वाजवायचे, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. दूध आलं का? टण. गॅस बंद केला? टण. त्यात कामापुरतं सगळं मावत होतं, पण आईला कामापलीकडचं एक विचारायचं होतं आणि ती ते रोज विचारायची.

‘अहो, रागावलात?’

टण टण.

‘खरं सांगा.’

टण टण.

‘चमच्यात राग कसा कळणार,’ ती मग मला म्हणायची. ‘भुंग्यात कळायचा मला.’

मी म्हटलं, भुंग्याचा सूर एकच असतो, त्यात कसला राग कळतो? ती म्हणाली, ‘तुला नाही कळत. रागात असले की बटण लवकर सोडतात ते.’

तिची खात्रीच झाली होती की बॅटरी आली की बाबांचा पहिला शब्द तिला रागावण्याचा असणार. बाबा पूर्वी शीघ्रकोपी होते, भाजीत मीठ कमी पडलं तरी कारखान्यात ऐकू जाईल असं बोलत. ती त्या बोलण्याची तयारी करत होती, वाटही पाहत होती, आणि घाबरतही होती. तिनं जेवण कमी केलं. कुरडया वाळून डब्यात भरल्या, पण एकही तळली नाही.

एका सकाळी मी तिच्या शेजारी लसूण सोलत बसले होते. बाबा पलीकडे बैठकीत पेपर वाचत होते, मधलं दार उघडं होतं. मी न राहवून म्हटलं, ‘आई, पण तुला ती उन्हात ठेवायचं सुचलंच काहून? नीट चालून तर राहिली होती.’

‘नीट कुठे?’ ती म्हणाली. ‘तेच तर म्हणत होते, कमजोर आहे, वाचवून राहिलो. पाहत नव्हती तू? पहिले मला सगळं सांगायचे. कोण आलं, कोण गेलं, आभाळ कसं आहे. मग दोन शब्द बोलायचे न् बंद. मला वाटलं, बॅटरीला जरा ऊन लागलं तर जोर येईल. थोडं जास्त बोलतील.’

पलीकडे पेपरचा आवाज थांबला.

मी आईला काय सांगणार होते? बॅटरी कमजोर नव्हती. मी स्वतः ती मीटर लावून तपासली होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड बडबड केली असती तरी पुरली असती. बाबांना भुंग्याचा आवाज लाजिरवाणा वाटायचा, म्हणून ते गप्प होते. हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात पाटी होती. त्यांनी ती माझ्याकडे वळवली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : मी सांगीन.

मी लसूण सोलत राहिले. आईनं विचारलं, ‘कोण आलं?’ मी म्हटलं, ‘बाबा आहेत.’

बॅटरी आली ती भर दुपारी, कुरिअरच्या मुलीच्या हाती. तिनं दारात सही घेतली आणि घाम पुसत विचारलं, ‘आंटी, इसमें ऐसा क्या है? नागपुर से चार बार फोन आ गया.’ मी तिला आत बोलावून पाणी दिलं. ती गेल्यावर बॅटरी चार्जिंगला लावली आणि पूर्ण भरेपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसले. आई देवघरापाशी बसली होती, हात जोडून नाही, नुसती ताठ. बाबांनी भुंगा हातात घेतला, बॅटरी बसवली, गळ्याला लावला. घरात तो गुणगुणाट पुन्हा ऐकू आला, आणि मला त्या क्षणी तो ऐकून रडू आलं. ज्या आवाजाला मी कंटाळले होते, तोच.

बाबा म्हणाले, ‘चहा.’

आई उठली. चहा केला. बाबा प्याले. आणखी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही तेच. हो. नको. औषध. आई रात्रीच्या भाकरीचं पीठ मळताना मला म्हणाली, ‘पाहिलं? बोलून पण नाही राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.’ मला बाबांचा इतका राग आला की मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. ‘मी सांगीन’ ही अक्षरं पुसली गेली नव्हती, अजून तशीच होती. बाबांनी मान खाली घातली. ऑपरेशनच्या दिवशीही न घाबरलेला हा माणूस बायकोशी बोलायला घाबरत होता.

त्याच्या पुढच्या दिवशी आईनंच सांगितलं, मला ग्वारीघाटला न्या, नर्मदामाईला दिवा सोडायचा आहे. बॅटरी सुखरूप आली म्हणून, असं ती म्हणाली. माझ्या मते तिला माफी मागायची होती आणि घरात ती कोणी ऐकून घेत नव्हतं. मी रिक्षा बोलावली. संध्याकाळी घाटावर गर्दी असते, पायऱ्यांवर फुलवाल्या, पूजेच्या सामानाच्या टोपल्या, आरतीला जमलेले लोक, नाववाले ‘चलो, उस पार, उस पार’ ओरडत असलेले. बाबांनी आईचा दंड धरून तिला पाण्यालगतच्या पायरीपर्यंत नेलं. मी द्रोणातला दिवा लावून तिच्या हातात दिला. तिनं वाकून पाणी चाचपलं आणि दिवा सोडला.

मग तिनं सवयीनं तोंड बाबांकडे वळवलं. काही विचारलं नाही. पूर्वी विचारावं लागत नसे, म्हणून मान आपोआप तिकडे वळली असावी. दिवा कुठे गेला ते बाबा सांगायचे. ती क्षणभर थांबली, आणि मान परत सरळ केली.

मी तोंड उघडणार होते. दिवा तिथेच होता, पायरीशी अडलेल्या झेंडूच्या फुलांत अडकून. तेवढ्यात शेजारी भुंगा सुरू झाला.

‘अडकला,’ बाबा म्हणाले. ‘फुलांत.’

आजूबाजूची दोन-चार डोकी वळली. एका बाईनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं. बाबांनी ते पाहिलं, मला ठाऊक आहे त्यांनी पाहिलं. पण भुंगा गळ्यावरून निघाला नाही.

‘आता सुटला. गोल फिरला. चालला.’ बटण धरून ठेवलेलं. ‘डावीकडे नाव आहे. नावेत एक म्हातारा. टोपी वाकडी. झोपला आहे. लोक त्यालाच बोलावून राहिले.’

आईनं मुठीत धरलेला पदर सोडला. ती हळूच म्हणाली, ‘अहो, बॅटरी संपेल.’

‘नाही संपत,’ बाबा म्हणाले. ‘कमजोर नव्हती. कधीच नव्हती. मी खोटं बोललो.’

‘काहून?’

‘आवाज चांगला नाही.’

आरतीची घंटा सुरू झाली होती, मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग ती म्हणाली, ‘मला तुमचं तोंड दिसत नाही, केस पांढरे झाले ते दिसले नाहीत, घर दिसत नाही. आवाजच आहे माझ्याजवळ तुमचा. चांगला न् वाईट काय असतो त्यात?’

बाबांचा हात गळ्याशी तसाच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते आईला दिसलं नाही, मीही सांगितलं नाही.

‘बरं, दिवा कुठे गेला?’ आईनं विचारलं.

भुंगा पुन्हा सुरू झाला, घंटेच्या वर, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. ‘पुलाकडे चालला. बाकीच्यांच्या पुढे. एकटाच पुढे.’

मला दिसत होतं की आमचा दिवा तर कधीच विझला होता. आई हसली, आणि या वेळी ‘हळू’ म्हणाली नाही.